सात नंबरचे दीडशे यार्ड

आपल्या कुठल्या काठीने चेंडू किती लांब जातो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने गोल्फ खेळू नये, गोट्या खेळाव्यात! हे डॉक्टरांचं ठाम मत होतं आणि ते कुणालाही ऐकवायला डॉक्टर तयार असत. त्यातल्या त्यात ज्याला उलट बोलता येणार नाही अशा माणसाला. डॉक्टर दातांचे असल्यामुळे अशी माणसं त्यांना रोज मिळत. पेशंट खुर्चीत आडवा, तोंड उघडं, गालात कापूस कोंबलेला, आणि वरून डॉक्टर सांगतायत, "सगळ्यात लांब काठी, ड्रायव्हर, दोनशे दहा. पाच नंबर एकशे सत्तर. सात नंबर दीडशे! दीडशे म्हणजे दीडशे यार्ड, एकशे एकोणपन्नास नाही. दहा वर्षांपूर्वी दीडशे, आजही दीडशे. हं, आ करा."

पेशंट आ करी. दुसरं करणार काय?

गुडघ्याने दगा दिल्यापासून डॉक्टर पूर्ण मैदान चालून खेळत नसत. क्लबच्या कडेला सरावाची लांबलचक पट्टी होती. तिथे एका जागी उभं राहून चेंडू मारायचे आणि समोर गवतात रोवलेल्या पाट्यांवरून तो किती लांब गेला ते बघायचं. शंभर, सव्वाशे, दीडशे अशा त्या पाट्या. रोज सकाळी डॉक्टर सात नंबर काढत, चेंडू दीडशेच्या पाटीपाशी टाकत, आणि जग अजून जागेवर आहे अशी खात्री करून दवाखान्यात जात.

दवाखान्यात मात्र जग जरा हललं होतं. महिन्याभरापूर्वी एका शिक्षिकेची दाढ काढताना डॉक्टरांच्या हातातलं हत्यार सटकलं आणि बाईंचा ओठ फाटला. टाके घालावे लागले. बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. आरशात बघून नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या. भांडल्या असत्या तर डॉक्टरांना झोप लागली असती.

त्याच दवाखान्यात, शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर, त्यांचा जावई काम करी. तोही दातांचाच डॉक्टर. त्याने आठवडाभर धीर गोळा केला आणि एका रात्री जेवताना, ताटाकडे बघत, तो म्हणाला, "बाबा, दाढा काढायचं काम आता माझ्याकडे द्या ना. तुम्ही तपासा, सल्ला द्या."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे माझा हात गेला म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही बाबा..."

"मग कसं? अहो जावईबापू, ज्याचा हात गेला त्याचा सात नंबर दीडशे जाईल का? जाईल का? सांगा की!"

जावयाने सासूकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी भाताचं भांडं उगाचच जागेवरून हलवलं.

"येत्या रविवारी सोक्षमोक्षच लावू," डॉक्टर गरजले. "आठव्या होलवर तळं आहे. ओलांडायला एकशे पंचेचाळीस लागतात. माझ्या सात नंबरने चेंडू पलीकडे गेला, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. पाण्यात पडला, तर सोमवारपासून पक्कड तुमची आणि खुर्चीही तुमची!"

"अहो, कशाला उगाच?" डॉक्टरीणबाई एकदम म्हणाल्या. "तुमचा गुडघा..."

"गुडघ्याने दाढ काढत नाही मी!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. पण डॉक्टर बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते कधी? ते वरणात मीठ कमी आहे म्हणत होते.

शनिवारी बाईंचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी गोळी दिली. दुपारी त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी सरबत दिलं. रविवारी सकाळी बघतात तो पिशवीत बाकी सगळ्या काठ्या आहेत आणि सात नंबर नाही!

"घरात चोर!" डॉक्टर ओरडले. "जावईबापू! मैदानात उतरायच्या आधीच हत्यार पळवता? ही कुठली मर्दुमकी?"

"मी हातही लावला नाही बाबा!"

पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, जावयाच्या गाडीची डिकी उघडायला लावली. शेवटी ती काठी कपडे धुवायच्या मशीनमागे सापडली.

"मी ठेवली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मशीनमागे मोजा पडला होता. तो काढायला घेतली होती."

"माझा सात नंबर? मोज्यासाठी?" डॉक्टरांनी काठी छातीशी धरली. तरीही बायकोवर चोरीचा संशय त्यांना आला नाही. तो त्यांनी जावयावरच ठेवला आणि त्याच तावात ते घराबाहेर पडले.

पंच म्हणून डॉक्टरांचे जुने मित्र जजसाहेब आले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी चहात साखर घालावी की नाही याचाही निकाल ते कारणांसह देत. तिघे आठव्या होलवर पोचले. तळं शांत होतं. काठावर पाटी होती: एकशे पंचेचाळीस.

डॉक्टरांनी पाय रोवले, सात नंबर फिरवला. फटका सुरेख बसला. चेंडू उंच गेला आणि बरोबर तळ्यावर पोचल्यावर खाली आला. डुबुक!

"वारा," डॉक्टर म्हणाले.

झाडाचं पानही हलत नव्हतं. "वारा ग्राह्य," जजसाहेब म्हणाले. "दुसरा मारा."

डुबुक!

"चेंडू जुना आहे."

"चेंडू ग्राह्य."

तिसरा चेंडू नवा कोरा होता. तोही गेला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. जावई हळूच म्हणाला, "बाबा, ऊन वाढलं. चला ना घरी. मी काहीच म्हणणार नाही."

इथे डॉक्टर घरी गेले असते तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण "काहीच म्हणणार नाही" हे त्यांना चांगलंच झोंबलं. हरलेल्या माणसाची समजूत काढावी तसं हा काल आलेला पोरगा बोलतो म्हणजे काय!

"तळं वाढलंय!" डॉक्टर म्हणाले.

"काय झालंय?" जजसाहेबांनी विचारलं.

"वाढलंय! खणलंय कुणीतरी! बोलवा सेक्रेटरींना!"

क्लबचे सेक्रेटरी नाश्ता अर्धवट टाकून, मोठी टेप घेऊन आले. मोजणी झाली. अगदी एकशे पंचेचाळीस. तळं होतं तेवढंच होतं.

"मग तुमची टेप खोटी!"

"डॉक्टर, टेप कशी खोटी असेल?"

"सेक्रेटरीसाहेब, मी रोज सकाळी तुमच्या सरावाच्या पट्टीवर दीडशे मारतो. रोज! अख्खा क्लब साक्षीला आहे. तिथे दीडशे जाणारा चेंडू इथे एकशे पंचेचाळीसला बुडतो कसा? चला तिकडे! आत्ताच्या आत्ता!"

वरात निघाली. पुढे लंगडत डॉक्टर, मागे जजसाहेब, सेक्रेटरी, जावई, आणि रविवारची करमणूक म्हणून सामील झालेले पाचसात मेंबर. पट्टीवरचा माळी लांबूनच पळत आला.

"साहेब, तिकडे नका जाऊ! साप निघालाय!"

"केवढा?"

"मोठा, साहेब!"

"मग तोही बघू दे दीडशे म्हणजे काय ते!"

डॉक्टरांनी चेंडू ठेवला आणि मारला. दीडशेच्या पाटीपासून हातभर अंतरावर चेंडू टप्पा खाऊन थांबला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी टोपी काढून जावयाकडे असं बघितलं की तो बिचारा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

"आता लावा टेप!"

"राहू दे ना बाबा," जावई खालूनच म्हणाला.

"लावा म्हणतो ना!"

सेक्रेटरी टेप सोडत सोडत पाटीपर्यंत गेले, खाली वाकले, चष्मा पुसला, परत वाकले. मग तिथूनच ओरडले, "एकशे बावीस!"

तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली आणि डॉक्टरीणबाई घरातल्याच चपलांवर धावत आल्या. माळ्याने त्यांना फोन केला होता. पण डॉक्टरांचं कुणाकडे लक्षच नव्हतं. ते आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते!

"पकडलं की नाही? पाटी खोटी! म्हटलं नव्हतं मी? एकशे बावीसवर दीडशेची पाटी! ही शुद्ध फसवणूक आहे! मला क्लबची माफी पाहिजे, आणि ती सगळ्यांसमक्ष पाहिजे! रोज सकाळी मला, या माणसाला, तुम्ही एकशे बावीस मारायला लावून दीडशे..."

आणि डॉक्टरांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं.

जजसाहेबांच्या तोंडून कुठलाही निकाल आला नाही. डॉक्टरांनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा हातातल्या काठीकडे. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"पाटी कुणी हलवली?" सेक्रेटरींनी माळ्याला दरडावून विचारलं.

माळ्याने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मी सांगितलं होतं त्याला," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "त्याला ओरडू नका." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "पहिल्यांदा तुमचा चेंडू पाटीच्या अलीकडे पडला ना, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलात. जेवला नाहीत, बोलला नाहीत. मला बघवेना हो. मी याला म्हटलं, गवत कापताना पाट्या उपटतोसच, लावताना जरा अलीकडे लाव. मग काही महिन्यांनी परत जरा. मग परत."

"किती वेळा?"

बाई पदराने नाक पुसत राहिल्या.

डॉक्टरांना राग यायला हवा होता. राग ही त्यांची नेहमीची सोय होती. पण आज तो येईना. एवढ्या माणसांत आपण उघडे पडलो याची लाज वाटत होती. त्याहून जास्त भीती वाटत होती. कारण आता एक प्रश्न विचारणं भाग होतं आणि त्याचं उत्तर त्यांना नको होतं.

"पाट्या सोडून," ते बायकोला म्हणाले, "आणखी काय काय जवळ आणून ठेवलंय तुम्ही लोकांनी?"

बाईंनी जावयाकडे बघितलं. नाडी केव्हाच बांधून झाली होती, पण जावई उठला नव्हता. तो आता उठला.

"दाढा, बाबा."

"काय?"

"तुमच्याकडे येणारा पेशंट आधी मी माझ्या खुर्चीत घ्यायचो. भूल द्यायचो, दाढ हलवून पार सैल करायचो, आणि मग तुमच्याकडे पाठवायचो. तुम्ही नुसती उचलायचात."

"आणि पेशंट? ते काही बोलत नसत?"

"त्यांना सांगून ठेवलेलं असायचं. ते तुम्हाला मानतात हो, बाबा. सगळे मानतात."

अगदी खालच्या आवाजात डॉक्टरांनी विचारलं, "आणि त्या शिक्षिका?"

"त्या दिवशी मी रजेवर होतो."

माळी एव्हाना दीडशेची पाटी उपटून, ती घेऊन नुसताच उभा होता. कुठे लावायची हे त्याला कुणी सांगेना. बघे एकेक करून काढता पाय घेऊ लागले. डॉक्टरांनी सात नंबर पिशवीत घातला. तो एका झटक्यात जाईना. दोनदा कडेला आपटला, मग गेला.

"जावईबापू," ते म्हणाले, "उद्यापासून माझी खुर्चीही तुम्हीच वापरा."

"बाबा, घाई नाही..."

"उद्यापासून म्हटलं ना."

जावयाने मान डोलावली. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि एवढ्या पडझडीतून निदान काहीतरी सावरावं म्हणून ते आपल्या जुन्या मित्राकडे वळले. जजसाहेबांची अक्कलदाढ उद्या सकाळीच काढायची ठरली होती, आणि चाळीस वर्षांच्या दोस्तीत त्यांच्या तोंडात दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता. निदान डॉक्टरांची तशी समजूत होती.

"जजसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. तुमची दाढ काही आता माझ्या हातून निघायची नाही."

"नक्की ना?" जजसाहेबांनी विचारलं, आणि कारणं वगैरे काही न देता डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला.