पाठमोऱ्या बाईची निर्लज्ज नजर

मुलांनो, डोळे मिटा आणि असं एक शहर मनात आणा, जिथे पुस्तकाचा निकाल ते वाचण्याआधीच लागतो. प्रगत समाजाची ही खूण आहे. वेळ वाचतो आणि डोळेही.

नाईलकाठचं दुमियात हे असं शहर. तिथे नऊ वर्षांची दुर्रिया मावशीकडे राहत होती. मावशी सफीनाझ चित्रं काढायची, कादंबऱ्या लिहायची. ताज्या कादंबरीतली मुलगी लग्नाला नकार देते, एवढी बातमी बाजारात पोचली आणि पत्रं सुरू झाली. मावशीचे हात रंगाने भरलेले असत, म्हणून ती पत्रं दुर्रियाच मोठ्याने वाचून दाखवी.

पत्रं अत्यंत सभ्य होती. आधी सलाम, मग तब्येतीची चौकशी, मग शिव्या आणि शेवटी घरच्या सर्वांना दुवा. कचेरीबाहेर छत्रीखाली बसणारे अर्जनवीस शहाताकाका सगळ्यांना एकच मजकूर टाइप करून देत, त्यामुळे शहराचं एकमत होतं. शंभरातल्या नव्व्याण्णव पत्रांत मुखपृष्ठावरच्या बाईच्या निर्लज्ज नजरेचा निषेध होता. (मावशीने ती बाई पाठमोरी रंगवली होती.) उरलेल्या एका पत्रात कादंबरीतल्या मुलीसाठी स्थळ होतं, मुलाचं फर्निचरचं दुकान, स्वभाव शांत.

मग इमारतीच्या समितीचे अध्यक्ष हाजी मितवल्ली स्वतःच पत्र घेऊन वर आले. पुढच्या आवृत्तीत त्या मुलीचं लग्न लावावं, नाहीतर महिनाअखेर घर रिकामं करावं.

“हाजीसाहेब, पुस्तक वाचलंत तरी का?” मावशीने विचारलं.

“तौबा तौबा. गटाराचं पाणी चाखून बघतं का कोणी, बाई?”

ते गेल्यावर मावशीने कपाटावरची बॅग खाली काढली. दुर्रियाने ते पाहिलं. ती पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसली आणि पहिल्या पानापासून खणखणीत आवाजात वाचू लागली. एकेक दार किलकिलं झालं. (हवा यावी म्हणून, असं नंतर सर्वांनी सांगितलं.) कादंबरीतली मुलगी साखरपुड्याच्या सोन्यासमोरून उठून दाराकडे निघाली, आणि दुर्रिया थांबली.

“पुढे?” तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं.

“वाच गं पोरी,” खालून हाजी म्हणाले, “घराचं उद्या बघू.”

एव्हाना, मुलांनो, तुम्ही मावशीच्या बाजूचे झाला आहात. तिच्या कादंबरीची एक ओळही न वाचता. शहाताकाका तुमच्यासाठीही एक मजकूर टाइप करून देतील.

दुर्रियाने पुस्तक मिटलं. “पत्रं लिहिलीत ना सगळ्यांनी? मग पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल,” ती म्हणाली आणि आत जाऊन तिने कडी लावली.