माझ्या नाकाचे वर्गीकरण

वाचनालयातल्या पुस्तकांवर पडणारे तेलकट डाग वाचकांच्या चेहऱ्यावरून हातांवर आणि हातांवरून पानांवर उतरतात, असा निष्कर्ष व्यवस्थापक मंडळाने काढला. प्रत्येक वाचकाने आपला त्वचाप्रकार निश्चित करून घ्यावा, असा फलक लागला. कोरड्या त्वचेला ग्रंथ मिळणार होते. तेलकट त्वचेला वर्तमानपत्रे, तीही कालची.

निर्णय योग्यच असावा. मंडळाचे निर्णय मला नेहमी योग्य वाटतात. माझे वाटत नाहीत. अडचण एवढीच, की घरी न्यायला मनाई असलेल्या एका जाडजूड कादंबरीचे शेवटचे प्रकरण माझे राहिले होते. नायिका सामान बांधून दारात उभी होती. ती जाते की राहते, हे आता माझ्या गालांवर अवलंबून होते.

"आजोबा, तुम्ही तोंडाला काय लावता?" नातीने विचारले.

"साबण."

"कुठला?"

"अंगाचा."

घरात जुना गुन्हा उघडकीस यावा, तशी तिने आजीकडे मान वळवली.

"माझ्याकडे काय बघतेस?" ही म्हणाली. "लग्न झाल्यापासून ह्यांचं तोंड पुस्तकाआड आहे. मी पाहिलंय कुठे?"

नातीने चाचणीची रीत समजावली. तोंड धुवायचे, काही लावायचे नाही, हात लावायचा नाही आणि तासभराने पातळ कागद दाबून तेल उमटते का ते बघायचे. वाचनालयात हे काम त्वचा-निरीक्षकांकडे होते. हे गृहस्थ पूर्वी दाराशी छत्र्या सांभाळत. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर कागद दाबला, उजेडाकडे धरला आणि उसासा सोडला.

"काका, घोटाळा आहे. गाल कोरडे, पण नाक आणि कपाळ तेलकट. मिश्र त्वचा."

"मग मी बसू कुठे?"

"गालांना ग्रंथविभागात बसता येईल. प्रश्न नाकाचा आहे."

"नाकाने मी वाचत नाही हो," मी चाचरत म्हणालो. "झाकून घेईन वाटल्यास."

"म्हणजे मंडळापासून लपवणार?"

मला उपचारांसाठी घरी पाठवण्यात आले. नाकाला तेल काढणारा फेसवॉश, गालांना मलई. सकाळी आणि संध्याकाळी, नातीच्या देखरेखीखाली. ही समोर खुर्ची टाकून बसे. "करमणूक म्हणून बरंय," म्हणे. काही आठवड्यांत नाक ठणठणीत कोरडे झाले. गाल मात्र मलई पिऊन धुतलेल्या ताटांसारखे चकाकू लागले.

निरीक्षकांनी नवा कागद उजेडाकडे धरला. "उलटं करून आणलंत की! आता नाकाला ग्रंथ, गालांना वर्तमानपत्रं. काका, या वयात जरा नीट राहायचं!"

सगळा वाचनकक्ष वळून पाहू लागला. चार माणसांत कुणी माझ्याशी बोलले की मी लाल होतो; लहानपणापासून होतो.

"थांबा!" निरीक्षक ओरडले. "लालसर! संवेदनशील त्वचा! आधी नाही का सांगायचं?"

संवेदनशील हा सर्वांत मानाचा वर्ग. त्याला ऊन, धूळ आणि जुना कागद वर्ज्य. निरीक्षकांनी स्वतः माझा हात धरून मला एका काचेच्या खोलीत नेऊन बसवले. खोली अतिशय स्वच्छ होती, कारण तिथे एकही पुस्तक नव्हते. काचेपलीकडे ते आपल्या जागेवर जाऊन माझी कादंबरी वाचू लागले. शेजारी बटाट्याच्या वेफर्सची पुडी होती. एक वेफर, एक पान, असे चालले होते.

मी धीर करून काच वाजवली. "तुमची चाचणी झाली का हो?"

"नियमात 'वाचक' असा शब्द आहे," ते प्रेमाने म्हणाले. "कर्मचाऱ्याला त्वचा असल्याचा उल्लेख नाही. बरं, नायिकेचं काय होतं ते सांगू?"

"नको! नको!"

"नाही सांगत. पण राहते हो शेवटी."

पुढच्या तपासणीत त्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर ताजा, ठसठशीत डाग सापडला. ग्रंथविभागात तर केवळ कोरडे वाचक. तेव्हा तेल बाहेरून, म्हणजे घरी बसून वाचणाऱ्यांकडूनच येत असणार, असे मंडळाने ठरवले. घरोघरची छापील पाने तपासायला एक समिती नेमली आणि संवेदनशील म्हणून मला तिच्यावर घेतले. मला नाही म्हणवले नाही.

तुम्ही मघाशी वाचता वाचता नाकाला हात लावलात. पानाचा हा कोपरा जरा उजेडाकडे धरा. मी आपणहून कुणाला सांगणार नाही. पण मंडळाने विचारलेच, तर माझा चेहरा लाल होतो.