साबणाच्या डबीतला अँप्लिफायर

आमच्या भाऊंना, म्हणजे वडिलांना, कुणी काहीही सांगितलं तरी उत्तर एकच: "फस्क्लास!" शेजारचे तात्या सांगायला आले, "भाऊ, गाय मेली आमची." भाऊ हसून म्हणाले, "फस्क्लास!" तात्या सहा महिने आमची पायरी चढले नाहीत.

भाऊ लांज्यात दुसऱ्याच्या भातगिरणीवर होते, वीस वर्षं इंजिनाशेजारी. मालक मजुरीत कणी द्यायचा. त्या कण्यांच्या पेजेवर मी बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला. भाऊंचे कान गिरणीत गेले, त्याबद्दल मालकानं कधी चकार शब्द काढला नाही.

पदवी माझ्या डोक्यात गेली होती. ऐकू कमी येतं, तर आवाज वाढवायचा, एवढं सोपं! ट्रान्झिस्टरचे सुटे भाग आणून मी साबणाच्या डबीत अँप्लिफायर बसवला आणि वायर भाऊंच्या डाव्या कानात घातली. भाऊ डबी घेऊन गावभर मिरवले. अनोळखी माणसाच्याही तोंडाशी धरायचे, "बोला! माज्या पोरान केलान हाय!" आईनं भांडं आपटलं की डोळे घट्ट मिटायचे. मला वाटायचं, समाधानानं.

वर्षभरानं त्या कानात सारखी शिट्टी वाजायला लागली, तेव्हा त्यांना रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत जाड-बारीक सूर ऐकवून त्यांनी कागदावर आलेख काढला.

"जाड आवाज यांना बरेच ऐकू येतात. गेलेत ते बारीक, म्हणून शब्द उमगत नाहीत. श्रवणयंत्र जे गेलंय तेवढंच उचलतं, आणि मोठा आवाज आला की आवरून धरतं. ही डबी सरसकट सगळंच वाढवते. भांडं पडलं की कानात हातोडा! कुणी केलीय?"

मी डबीची वायर गुंडाळू लागलो.

डॉक्टर भाऊंच्या कानाशी वाकून ओरडले, "दुखत नव्हतं?"

"दुकायचा तर! पयल्या दिसापासना."

"मग काढली का नाहीत?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "येवढा शिकून केलान त्यानं. त्याला काय वाटला आसता?"

यंत्र मुंबईहून यायला महिना लागला. ते उजव्या कानाला बसलं. डावा गेलाच. त्यातला गिरणीनं किती नेला आणि माझ्या डबीनं किती, ते डॉक्टर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

यंत्र बसवून परतताना स्टँडच्या बाकावर भाऊ हळूच म्हणाले, "कालेजात काय शिकवतात रं? इचारायचा ऱ्हायलेला."

मी सांगत बसलो, न ओरडता. बरंचसं त्यांना कळलं. दोन ठिकाणी कळलं नाही, तिथं थांबवून त्यांनी पुन्हा विचारलं.