सात अंशांचा वाकडेपणा

रेणू रांगेत उभे राहिले की वीज विनातक्रार वाहते, हे विज्ञान. माणसांचंही तसंच असतं, हे व्यवस्थापन. बेंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरची पातळ फिल्म बनत असे, तिथे पुण्याहून आलेल्या सुहास साहेबांनी पहिल्याच आठवड्यात या दोन्हींची सांगड घातली. खुर्च्या एका दिशेला वळल्या. जेवणाचे डबे एकाच बाजूने उघडू लागले. (सांबाराची दिशा ठरवण्यासाठी उपसमिती नेमली.) शिस्त चौऱ्याऐंशी टक्क्यांनी वाढली, ती कशी मोजली, हे विचारणं शिस्तीत बसत नव्हतं.

फिल्ममधून जाणारी वीज तेवढी घटली.

शेवटच्या साध्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, राजलक्ष्मी संध्याकाळची कणीक मळत होती आणि तिचे वडील व्यंकोजी ऊर्फ अण्णा, त्या कारखान्यातले जुने तंत्रज्ञ, साहेबांना फोनवर समजावत होते.

"साहेब, रेणू फार सरळ झाले की त्यांचे गठ्ठे पडतात. वीज गठ्ठ्यातच अडकून राहते. स्वल्प वाकडी, लांब साखळी ह्या गठ्ठ्यातनं त्या गठ्ठ्यात जायला पाहिजे. तसली एक फिल्म केलीय मी."

"बरं, कशी झालीय?"

"सरी."

तीनेकशे वर्षं बेंगळुरात मुरलेल्या मराठी घरात 'सरी' म्हणजे 'ठीक, बरोबर'. पुण्याच्या कानाला ते 'सॉरी' ऐकू येतं. साहेबांनी मोठ्या मनाने माफ केलं आणि फिल्म भंगारात काढायला सांगितली.

"हा मला माफ कशाला करतोय गं?" अण्णांनी विचारलं.

"उद्या विचारा त्यांनाच. जेवा आता," राजलक्ष्मी म्हणाली.

बुधवारी सकाळी, कारखान्याच्या बसमध्ये बसल्या बसल्या, अण्णांचं हृदय थांबलं.

शोकसभा रांगेत झाली. सर्वांची तोंडं ईशान्येला होती. अण्णांचा फोटो नैर्ऋत्येला. (फोटोने परवानगी घेतली नव्हती.) "शेवटच्या फिल्मबद्दल स्वतःहून सॉरी म्हणणारा दिलदार माणूस," साहेब म्हणाले. सभा संपली की फिल्म भंगारात जाणार होती. ती वाचवायला म्हणूनच राजलक्ष्मी आली होती.

"साहेब, ते सॉरी नव्हतं, सरी होतं. कन्नड. फिल्म बरोबर झालीय, एवढंच सांगत होते ते. एकदा मोजून बघा."

मोजली. नेहमीच्या अकरा पट वीज गेली. सभेत चैतन्य पसरलं. साहेबांनी तिथल्या तिथे वाकडेपणा मंजूर केला: प्रत्येकी सात अंश, डावीकडे, एकसमान. सगळे कलले. एक जण उजवीकडे कलला, त्याला आधी सरळ आणि मग रीतसर वाकडं करण्यात आलं.

"वडिलांच्या स्मरणार्थ," साहेब राजलक्ष्मीला म्हणाले, "तुम्हीही स्वल्प डावीकडे व्हा. फोटो घेऊ."

फिल्म वाचली, म्हणून सगळे खूश होते. ही गोष्ट वाचणाऱ्यालाही इतका वेळ फिल्मचीच काळजी होती, तीही मिटली. राजलक्ष्मी तशीच उभी राहिली. दारात येणाऱ्यांना, फोनवर विचारणाऱ्यांना तिने बुधवारपासून आत्तापर्यंत "अण्णा घरी नाहीत" एवढंच सांगितलं होतं.

"फिल्म झाली ना मोजून?" ती मोठ्याने म्हणाली. "माझे अण्णा गेले हो. कुणीतरी इकडं बघा."