बधिर तोंडाचे दुभाषी

आमच्या शेजारच्या सर्जेराव काकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, तरी वडवणीतल्या दातांच्या दवाखान्यात त्यांची खुर्ची ठरलेली असते. पेशंट म्हणून नव्हे, दुभाषी म्हणून. इंजेक्शनने जीभ जड झालेला माणूस "आं ऊं" करू लागला की काका डॉक्टरीणबाईंना सांगतात, "पाणी मागायलेत." आणि ते बरोबर निघतं. एकदा एका म्हातारीच्या नुसत्या हुंकारावरून, "सुनंला फोन करू नका म्हणायल्यात," असं त्यांनी सांगितलं, तर म्हातारीने जोरात मान हलवली. सुरुवातीला बाई वैतागायच्या म्हणे. आता काका दिसले नाहीत तर त्याच चौकशी करतात.

काकांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. ज्याला बैलाचं कळतं त्याला माणसाचं कळायला काय, असं गल्लीतले लोक म्हणायचे. शाळेत बदली होऊन मी इथे आलो तेव्हापासून काकांना एकटंच राहताना पाहतोय. वेळ जात नसेल, म्हणून जात असतील, असं मी धरून चाललो होतो.

माझी दाढ ठणकायला लागली आणि रूट कॅनल करायचं ठरलं, तेव्हा काका न बोलावता चपला घालून तयार. त्यांच्या मते ते कॅनल नसून कॅनॉल आहे, धरणाचा असतो तसा. रस्ताभर त्यांनी मला काम समजावलं. आधी इंजेक्शन, तेवढंच काय ते टोचतं. मग दाढेला वरून भोक पाडायचं, बारीक सुयांनी मुळातली सडकी नस काढायची, धुवून मसाला भरायचा आणि शेवटी वर टोपी बसवायची. "एका खेपंत व्हत न्हाई, सर. कॅनॉलचं काम हाय," हे मधूनमधून चालूच होतं. पुरा झालेला कॅनॉल तुम्ही कधी पाहिलात का, हे मी विचारलं नाही. दाढ माझी होती.

खुर्चीत आडवा झालो, मशीन सुरू झालं आणि माझा धीर सुटला. मी काहीतरी बोललो, ते "ऊं आं" असं बाहेर पडलं. बाईंनी हात थांबवून विचारलं, दुखतंय का. कोपऱ्यातून काका म्हणाले, "दुखत न्हाई त्यान्ला. भ्यालेत. जरा दम खाऊ द्या."

अगदी तेच म्हणायचं होतं मला. त्या क्षणी त्या माणसाचा मला फार आधार वाटला.

बाहेर आलो तेव्हा अर्धं तोंड बधिरच होतं. ते उतरेपर्यंत काही खाऊ नका, आपलाच गाल चावला जातो, अशी ताकीद देऊन काका दारातल्या कडुलिंबाखाली थांबले. जरा घुटमळले.

"सर, तेवढं 'जेवलाव का' म्हणा बरं."

मी म्हणालो. त्यातला ज कुठे गेला आणि ल कुठे गेला, मलाच कळलं नाही. काका खाली बघत राहिले.

"आमच्या मंडळीला लकवा मारलता," ते म्हणाले. "जाईपर्यंत असंच बोलायची. पोरान्लाबी समजायचं न्हाई. मला समजायचं."

मग मी तेच दोन शब्द पुन्हा म्हणालो, सावकाश.

"जेवलो," काका म्हणाले. "तू जेव आता."

एरवी ते मला कधी अरे-तुरे करत नाहीत.