भानुअण्णांचा पेरूचा चहा

चहा पिताना फुर्रर्र आवाज केला म्हणून लहानपणी मी आईचा मार खाल्ला. आणि आवाज केला नाही म्हणून, पस्तिशी उलटल्यावर, भानुअण्णांची बोलणी.

"मॅडम, ह्ये काय? मांजरावानी पिताय! जोरात ओढा. वारं नाकात गेलं पायजे, तवा चव कळती."

मी शाळेत गणित शिकवते. कोपरगावात अण्णांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी हे शिक्षण सुरू केलं. सामान अजून टेम्पोत होतं. टेम्पोवालाही फुर्रर्र करत होता.

भानुअण्णा म्हणजे सत्तरीतला, धोतर-टोपीतला शेतकरी. शेती मुलाकडे सोपवून ते आणि त्यांची बायको, सुमनकाकू, गावात राहायला आलेले. पुतण्या सैन्यात. त्यानं सुट्टीवर येताना आसामचा अख्ख्या पानांचा चहा आणला. गल्लीला वाटलं, अण्णा तंबाखू उकळतात. आमच्याकडे चहा म्हणजे दूध, साखर आणि आलं. साखर कारखान्यांच्या मुलखात ती कमी घालणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. अण्णांच्या चहात दूध नाही, साखर नाही. त्याऐवजी वाळवलेले पेरूचे काप, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि त्या दिवशी जे सुचेल ते. पाणी उकळलं की गॅस बंद, मग पानं टाकायची, वर ताटली. ताटली उचलायला कोणी हात पुढे केला की तो हात ते बाजूला सारत. "मुरू द्या. लगीन लागाय आधी अंतरपाट काढत्यात का?"

पेरूचा चहा खरंच चांगला लागायचा. थोडा आंबट, थोडा तिखट, आणि घोट गेल्यावर मागं राहणारा पिकल्या पेरूचा वास. पण अण्णा तिथं थांबले असते तर ते अण्णा कसले! त्यांनी बोराचा चहा केला. डाळिंबाचा केला. सीताफळाचा केला, तेव्हा भांड्यात जे तयार झालं ते चमच्यानं खावं लागलं. चिकू आणि जायफळाच्या चहानंतर मी शाळेत पाचव्या तासाला फळ्याला टेकून झोपले. मीटरचं रीडिंग घेणारा माणूस तर आमच्या गल्लीत गाडी चालू ठेवूनच आकडे टिपायचा.

या सगळ्यात एक शब्द मात्र बंद होता.

"कसा झालाय?" अण्णा विचारत.

"छान."

"छान म्हनू नका! छान म्हंजे काईच न्हाई. वास कशाचा आला, त्ये सांगा. आधी पेरू आला का आधी लवंग?"

परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. मी "पेरू" म्हटलं की ते खूश. "लवंग" म्हटलं की आत जाऊन पुन्हा करून आणत.

एकदा ते राहात्याला पेरू आणायला गेलेले. काकू गच्चीत साली वाळत घालत होत्या. मी सहज विचारलं, "काकू, तुम्हाला यातला कुठला आवडतो?"

काकू हसल्या. "मला काय कळतंय गं? मागं त्यो ताप आला, तवाधरनं नाक गेलं. वास न्हाई, म्हून चव बी न्हाई. वरणात मीठ घातलंय का साखर, ह्यांनाच चाखाय लावते."

"अण्णांना माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय की! त्यापायीच तर ह्यो कारखाना! डॉक्टर म्हनले, वळखीचे वास रोज घेत ऱ्हावा, एखांद्यानं नाक उघडंल. मला पेरू लई आवडायचा. ह्ये रोज काढा करत्यात. मी आपली छान हाय म्हनते. मग चिडत्यात. म्हनत्यात, खोटं बोलू नगं, तुला न्हाई तर गल्लीला इचारून बघतो, वास उतरलाय का न्हाई."

मी पुढची साल उलटी करून पसरली.

त्यानंतर मी उत्तरं नीट विचार करून देऊ लागले.

दिवाळीनंतरचा एक रविवार. अण्णा माझ्या ओट्यावर कपबशी घेऊन बसलेले. पेरूचे काप लवंगेबरोबर जरा भाजून घेतले तर वास वाढेल, असं त्यांच्या डोक्यात आलेलं. तशी कढई घरी गॅसवर ठेवून ते मला हेच समजावत बसले होते. तेवढ्यात त्यांच्या घरातून काकूंची हाक आली.

"अवो! काय करपतंय?"

"करपू दे!" अण्णा ओरडले आणि माझ्याकडे वळले. "तर मॅडम, लवंग कशी..."

त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. कपबशी त्यांनी ओट्यावर ठेवली की टाकली, मला कळलं नाही. सत्तरीतला माणूस धोतर आवरत पळत गेला. मागोमाग मी.

स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. काकूंनी गॅस बंद केला होता आणि पदरानं वारा घालत होत्या.

"तुला धूर दिसला का?" अण्णांनी विचारलं.

"धूर कशाचा दिसतोय? म्या देवघरात हुते, दार लावून. वास आला."

"कसला?"

"करपल्याचा, दुसरा कसला? कढईची पार वाट लावली. आन..." काकू थांबल्या. नाक वर करून त्यांनी एक लांब श्वास घेतला. "पेरू टाकलावता का वो?"

खोकल्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून मी खिडकीकडे हात नेला.

"उघडू नका!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले.

काकू कढईवरून त्यांना बोलत होत्या, खोकत होत्या, पुन्हा बोलत होत्या. अण्णा टोपीनं डोळे पुसत तिथंच पाटावर बसले.

"आता तरी उघडा की वो खिडकी," काकू म्हणाल्या. "जीव जाईल तिघांचा."

"उघडतो," अण्णा म्हणाले. "जरा दम धर. आजून थोडा घे."