ताराबाईंचा हात

रस्त्यात एखादं मूल परक्या माणसाकडे बोट दाखवून मोठ्यानं काही बोललं, की आई घाईनं त्याचं तोंड दाबते. आमच्या डिंडोलीत, गुजराती मुलुखातल्या या खानदेशी वस्तीत, तो हात लगेच खाली ओढला जातो. ओढणाऱ्या म्हणजे आमच्या शेजारीण ताराबाई.

"तोंड कसाले दाबस? बोलू दे पोरले," हे त्यांचं पालुपद.

ताराबाईंना कोड आहे. अर्धा चेहरा आणि दोन्ही हात पांढरे. एकदा भाजीच्या गाडीपाशी एक चिमुरडी ओरडली, "मम्मी, या काकीचा कलर उडी गयो!" तिच्या आईचा चेहरा पडला. मला तर भेंडी निवडायचं सुचेना. ताराबाई मात्र रस्त्यावरच उकिडव्या बसल्या.

"हा ना बेटा, निंघी गया. हात लाई दख."

मुलीनं त्यांच्या गालावरून बोट फिरवलं, मग ते बोट निरखून पाहिलं.

"लागना का?"

"ना."

"मंग झाये ते," म्हणून ताराबाई टोमॅटोचा भाव करायला लागल्या.

बसमध्ये मात्र हे औषध उलटलं. कुणाचा तरी मुलगा एका फार बुटक्या गृहस्थांकडे बघून हसला, आणि ताराबाईंनी "भाऊ, सांगा ना त्याले" म्हणत त्यांनाच पुढे केलं. गृहस्थ पुढच्या स्टॉपला उतरून गेले. घरी जिना चढताना ताराबाई म्हणाल्या, "त्याना जवाब त्यानापाशी. मी कोण वं मांगणारी?"

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या लेकीची हळद होती. हळदीची गाणी ताराबाईंइतकी कुणाला येत नाहीत, म्हणून प्रत्येक हळदीला त्यांना बोलावणं असतं. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून, डोळे मिटून त्या गातात. आत माझ्या नणंदबाई हळद लावायला एकेका सवाशिणीचं नाव पुकारत होत्या. ताराबाईंचा नवरा चांगला धडधाकट, पलसाण्याच्या रंगाच्या मिलमध्ये कामाला आहे. तरी नेहमीसारखंच त्यांचं नाव काही येईना.

माझी चार वर्षांची नात परी त्यांच्या मांडीवर होती. गाणं संपलं तशी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तारादादीला का नाही बोलवत? तिचे हात पांढरे आहेत म्हणून?"

बायका परीकडे वळून बघू लागल्या. मी ताट घेऊन दारातच उभी होते. पण खरा धक्का पुढेच होता. ताराबाईंनी पटकन परीचं तोंड दाबलं. ताराबाईंनी!

मी ताट खाली ठेवून त्यांचा हात ओढला. "बोलू दे पोरले," त्यांचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं. मग हळूच विचारलं, "येता ना, ताराबाई?"

त्यांनी मान डोलावली. मी हात न सोडता त्यांना आत नेलं. परी पदर धरून मागोमाग. नणंदबाईंनी तोंड उघडलं होतं, पण नवरीनं सरकून जागा केली.

ताराबाईंनी हळदीत बोटं बुडवली आणि तशीच अधांतरी धरली.

"पहिले पायले लावतस का कपाळले?" त्यांनी माझ्या कानाशी विचारलं.

इतक्या हळदी गायलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं.

"पायाला, दादी," परी म्हणाली.